इंजिन बांधताना क्रँक, रॉड आणि पिस्टनचं बॅलन्सिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनं इंजिन खोललं की बोअर, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट यांवर सगळे बोलतात. बॅलन्सिंगचा विषय निघतो तो बहुधा इंजिन परत बसून गाडी थरथरायला लागल्यावर. तोवर उशीर झालेला असतो, कारण हे काम करायची संधी सुटे भाग टेबलावर असतानाच मिळते. म्हणून पुढची उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत. उदाहरणाला प्रीमियर पद्मिनीचं चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं इंजिन धरलं आहे (बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव ७५ मिमी). पद्मिनी कुर्ल्याला बनायची, आणि आजही मुंबई-पुण्यात ती हौसेने बांधून घेणारे आहेत. बुलेट आणि इतर इंजिनांचे प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत.

बॅलन्सिंग म्हणजे नेमकं कशाचं?

क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या धावेचं फिरण्यात रूपांतर करणारा मुख्य दांडा, थोडक्यात क्रँक), त्याच्या टोकावरचं जड चाक म्हणजे फ्लायव्हील, क्लचची प्रेशर प्लेट आणि पुढची पुली हे नुसते फिरणारे भाग. पिस्टन, त्याला रॉडशी जोडणारी गजन पिन आणि रिंगा वर-खाली जाणारे. कनेक्टिंग रॉड दोन्हींत मोडतो: त्याचा बिग एंड क्रँकबरोबर फिरतो आणि स्मॉल एंड पिस्टनबरोबर वर-खाली होतो.

त्यामुळे कामंही तीन वेगवेगळी आहेत. पिस्टन आणि रॉड एकमेकांशी वजनाने जुळवणं हे पहिलं. क्रँक यंत्रावर फिरवून त्याची जड बाजू काढणं हे दुसरं. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट त्याच क्रँकवर चढवून बघणं हे तिसरं. बोलताना तिन्हींना ‘बॅलन्सिंग’ म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. बिलावर बॅलन्सिंग लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात फक्त पिस्टन तोललेले असतात. काम देतानाच तिन्हींपैकी काय काय होणार आहे ते विचारून घ्या.

दहा ग्रॅमच्या फरकाने एवढं काय बिघडतं?

एका क्रँकपिनवर, म्हणजे क्रँकच्या ज्या पिनवर रॉडचा बिग एंड बसतो तिच्यावर, दहा ग्रॅम जास्त आहेत असं समजा. पद्मिनीचा स्ट्रोक ७५ मिमी, म्हणजे क्रँकपिन मध्यापासून ३७.५ मिमीवर फिरते. १५०० आरपीएमला (मिनिटाला १५०० फेऱ्या) या दहा ग्रॅमची ओढ जेमतेम एक किलो होते. ३००० ला ती पावणेचार किलोच्या पुढे जाते आणि ४५०० ला साडेआठ किलो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, आणि प्रत्येक फेरीला तिची दिशा पूर्ण फिरते.

आयडलिंगला इंजिन गोड चालतं आणि हायवेवर स्टिअरिंग, आरसा, गिअरचा दांडा सगळं बारीक थरथरायला लागतं, ते याच चौपटीमुळे. गॅरेजच्या दारात आयडलिंगवर ऐकून ‘मस्त झालंय’ म्हणणं पुरेसं नाही, त्याचंही कारण हेच.

चार सिलिंडरचं इंजिन तर मुळातच बॅलन्स असतं ना?

अर्धं खरं आहे. दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, त्यामुळे फेरीगणिक एकदा बसणारे धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. अट एकच, चारही पिस्टनची वजनं सारखी हवीत. नेमकी ती अट जुळवणीने पाळता येते.

उरलेलं अर्धं क्रँकच्या बॅलन्सिंगने जात नाही. रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टन वरच्या निम्म्या भागात खालच्या निम्म्यापेक्षा जोरात धावतो. त्यातून फेरीमागे दोन धक्के तयार होतात, आणि चारही पिस्टनचे हे धक्के एकाच वेळी एकाच दिशेला बसतात. पिस्टन, पिन आणि स्मॉल एंड मिळून सिलिंडरमागे ४५० ग्रॅम धरले, आणि क्रँकची त्रिज्या रॉडच्या लांबीच्या ०.२८ पट धरली, तर ४५०० आरपीएमला हा जोर सुमारे ४३० किलो भरतो. वरच्या साडेआठ किलोंशी ताडून पाहा.

यावर इलाज म्हणजे क्रँकच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन शाफ्ट. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली. मित्सुबिशीने १९७० च्या दशकात ती सुधारून ‘सायलेंट शाफ्ट’ या नावाने गाड्यांत आणली, आणि पोर्शने ९४४ साठी मित्सुबिशीच्या पेटंटचा परवाना घेतला. ज्या इंजिनात असे शाफ्ट नाहीत, तिथे हा कंप इंजिन फाउंडेशनच्या रबरांनीच झेलायचा असतो. म्हणून ग्राहकाला ‘इंजिन दिवाळीच्या पणतीसारखं शांत चालेल’ असा शब्द देऊ नये. नवी फाउंडेशन रबरं मात्र बॅलन्सिंगच्या बिलाबरोबरच घ्यावीत. कडक झालेल्या रबरावर उत्तम बॅलन्स केलेलं इंजिनही बॉडीला हलवतं.

माझ्या इंजिनाला हे सगळं करायची गरज आहे का?

जुनेच पिस्टन, जुनेच रॉड, जुनाच फ्लायव्हील परत जात असतील आणि खोलण्याआधी कंप नव्हता, तर फक्त वजनं तपासा आणि पुढे जा. कारखान्यातून निघालेली जोडी मोडू नका.

यांपैकी एक जरी बदल असेल तर काम करून घ्या: वेगळ्या कंपनीचे ओव्हरसाइज पिस्टन, एखादाच बदललेला रॉड, दुसऱ्या इंजिनातून आणलेला क्रँक, दातांची रिंग बदलून किंवा फेस मारून आलेला फ्लायव्हील, नवी प्रेशर प्लेट. जुन्या गाड्यांच्या बाबतीत तर भंगार बाजारातून रॉड ‘मॅचिंग’ म्हणून येतात आणि तराजूवर चाळीस ग्रॅमचा फरक दाखवतात. माझं ठाम मत आहे की पिस्टन आणि रॉड तोलणं हा ऐच्छिक भाग नाहीच. ०.१ ग्रॅम दाखवणारा तराजू प्रत्येक इंजिन बांधणाऱ्याकडे असावा. क्रँक यंत्रावर चढवण्याचा खर्च मात्र गाडी आणि वापर बघून ठरवा.

गाडी आताच थरथरते. बॅलन्सिंगने जाईल का?

आधी कंप कुठून येतो ते शोधा. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस द्या. कंप येत नसेल आणि फक्त ठरावीक वेगाने चालतानाच येत असेल, तर चाकं, प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस बघा. इंजिन खोलू नका.

न्यूट्रलमध्येही येत असेल तर मोबाइलवर कंपाची वारंवारता दाखवणारं अ‍ॅप घ्या आणि आरपीएम स्थिर ठेवा. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या. ५० हर्ट्झवर उंच सुळका दिसला तर संशय फिरणाऱ्या भागांवर किंवा पिस्टनच्या वजनातल्या फरकावर. १०० हर्ट्झचा सुळका चार सिलिंडरमध्ये असणारच, तो वर सांगितलेला, फेरीमागे दोनदा बसणारा धक्का. २५ हर्ट्झवर असेल तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाही: प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन तपासा. मिसफायर होणारं इंजिन बॅलन्सिंगला नेऊन पैसे घालवलेले लोक मी पाहिले आहेत, आणि वाईट वाटतं, कारण पाच मिनिटांची तपासणी त्यांना कुणी सांगितलेली नसते.

क्लच दाबल्यावर कंप बदलतो का तेही बघा. बदलत असेल तर क्लच प्लेट किंवा प्रेशर प्लेटकडे बोट जातं.

कामाचा क्रम काय ठेवायचा?

बॅलन्सिंग हे मशिनिंगमधलं शेवटचं काम. क्रँकच्या तेलाच्या वाटांचे प्लग काढून आतला गाळ धुवा, कारण तो गाळही तोलला जातो. मग तडा आहे का ते मॅग्नेटिक तपासणीने बघा. नंतर व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावा आणि बाक बघा, असल्यास सरळ करा. त्यानंतर जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) ग्राइंड करा. ग्राइंडिंगमध्ये जर्नलचा मध्य किंचित सरकू शकतो आणि बॅलन्स त्या मध्याभोवतीच करायचा असतो. आधी बॅलन्स आणि मग ग्राइंडिंग असा क्रम झाला तर पहिलं काम फुकट.

रॉडचंही तसंच. बिग एंड होन करणं, नवे बोल्ट घालणं, स्मॉल एंडचा बुश बदलणं हे आधी, तोलणं नंतर.

पिस्टन कसे जुळवायचे?

प्रत्येक पिस्टन त्याच्या पिनसकट तोला आणि सिलिंडरचा नंबर टाका. नव्या सेटमध्ये हलकी पिन जड पिस्टनला देऊन बरेचदा काहीही न घासता फरक निम्मा होतो. अर्थात पिनची बसण नीट असेल तरच. रिंगा, सर्क्लिप, शेल बेअरिंग यांचीही वजनं एकदा बघून घ्या. त्यांत फरक सापडला तर बहुधा एखादा तुकडा वेगळ्या कंपनीचा निघतो.

सगळ्यांत हलका पिस्टन ठरवा आणि बाकीचे त्याच्यापर्यंत उतरवा. धातू काढायची जागा म्हणजे पिस्टनच्या आतल्या बाजूला, पिनच्या खाली, स्कर्टच्या कडेजवळ ठेवलेला जाड भाग. माथ्याखालून, रिंगांच्या खाचांमागून किंवा पिनच्या आधाराच्या भिंतीतून एक कणही काढू नका. तिथला धातू ताकदीसाठी असतो. एक ग्रॅमच्या आत आणणं रस्त्यावरच्या गाडीला पुरेसं आहे. एखाद्या पिस्टनमधून आठ-दहा ग्रॅम काढावे लागत असतील तर काढू नका, सेट बदलून मागा.

रॉडचं पूर्ण वजन जुळलं की झालं का?

नाही, आणि सगळ्यांत जास्त चूक इथेच होते. दोन रॉड सहाशे-सहाशे ग्रॅमचे असतील, पण एकाचा बिग एंड ४२० आणि स्मॉल एंड १८०, तर दुसऱ्याचा ४१० आणि १९०. एकूण वजन सारखं असूनही पहिला फिरण्यात दहा ग्रॅम जड आणि दुसरा वर-खाली होण्यात दहा ग्रॅम जड.

म्हणून दोन्ही टोकं वेगळी तोलायची. एक टोक टांगून ठेवायचं, दुसरं तराजूवर, रॉड पूर्ण आडवा. मग टोकं बदलायची. दोन्ही आकड्यांची बेरीज पूर्ण वजनाएवढी आली पाहिजे. ती येत नसेल तर टांगणी अडते आहे किंवा रॉड तिरका आहे. तोच रॉड उचलून पुन्हा ठेवा, आकडा तोच आला तरच विश्वास ठेवा. बिग एंडचा धातू कॅपखालच्या (बिग एंडच्या बोल्टने लागणाऱ्या सुट्या अर्ध्या भागाखालच्या) गाठीतून काढायचा, स्मॉल एंडचा वरच्या टोकावरून. जिथे घासाल तिथे रेघा रॉडच्या लांबीच्या दिशेने ठेवा आणि पॉलिश करा. आडव्या ओरखड्यातून तडा सुरू होतो. बोल्टच्या डोक्याजवळ हात लावू नका. आणि फोडून वेगळ्या केलेल्या कॅपचे रॉड असतील तर कॅपची अदलाबदल कधीच नाही.

क्रँक धारेवर ठेवून तोलला तर चालत नाही का? यंत्रच कशाला?

दोन समांतर धारांवर क्रँक ठेवला की जड बाजू खाली येऊन थांबते. हा स्थिर बॅलन्स. पण पुढच्या टोकाला वरच्या बाजूने वीस ग्रॅम जास्त आणि मागच्या टोकाला खालच्या बाजूने वीस ग्रॅम जास्त असतील, तर धारेवर क्रँक कुठेही थांबेल आणि निर्दोष दिसेल. फिरायला लागल्यावर मात्र दोन टोकं विरुद्ध दिशांना ओढतील आणि क्रँक डगडगेल. लांब वस्तूला दोन्ही टोकांना वेगळं मोजावंच लागतं.

यंत्रावर क्रँक मेन जर्नलवर रोलरच्या आधाराने ठेवतात आणि पट्ट्याने फिरवतात. काहीशे आरपीएम पुरतात, इंजिनाच्या वेगाला न्यावं लागत नाही. दोन्ही आधारांवरचे सेन्सर किती ग्रॅम, कोणत्या कोनावर, हे दाखवतात.

किती बारीक बॅलन्स करायचा?

आयएसओ २१९४० या मानकात (त्याचा जुना क्रमांक आयएसओ १९४०) बॅलन्स किती बारीक हवा हे सांगणाऱ्या ‘जी’ श्रेणी असतात. पंप आणि पंख्यांना सर्रास वापरतात ती जी ६.३. या श्रेणीत ६००० आरपीएमला दर किलो वजनामागे सुमारे दहा ग्रॅम-मिमी (जास्तीचे ग्रॅम गुणिले मध्यापासूनचं मिमी अंतर) चालतात. क्रँक दहा किलोचा असेल तर एकूण शंभर, म्हणजे टोकाला पन्नास. पन्नास मिमी त्रिज्येवर मोजलं तर टोकाला एक ग्रॅम. रस्त्यावरच्या गाडीला मी एवढ्यावर थांबेन. त्याहून खाली जाण्यात यंत्रवाल्याचा वेळ जातो, पण स्टिअरिंगवर बसलेल्याला फरक कळत नाही.

जड बाजूला भोक कुठे पाडतात? हलकी असेल तर काय?

काउंटरवेटच्या (क्रँकपिनसमोर तोल राखणाऱ्या क्रँकवरच्या जड भागाच्या) बाहेरच्या कडेवर, मध्यापासून जास्तीत जास्त लांब. १२ मिमीच्या ड्रिलने १० मिमी खोल भोक पाडलं की जवळपास नऊ ग्रॅम पोलाद निघतं. कारखान्याची भोकं आधीच असतात, त्यांना खोल करण्याआधी काउंटरवेटची जाडी मोजा.

वजन वाढवायचं असेल तर टंगस्टनचा मिश्रधातू भरतात. तो पोलादाच्या दुपटीहून जड असतो. त्याचं भोक क्रँकच्या अक्षाला समांतर पाडायचं, म्हणजे फिरताना तुकडा भोकाच्या भिंतीवर दाबला जातो. बाहेरून आत पाडलेल्या भोकातला तुकडा सुटला तर चेंबर (इंजिनाखालचा तेलाचा डबा) फोडून बाहेर येतो. काउंटरवेटवर वेल्डिंग करून भर घालणाऱ्याकडे क्रँक देऊ नका.

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट वेगळी करायची की एकत्र?

एकेक चढवत. आधी नुसता क्रँक शून्याजवळ आणायचा. मग फ्लायव्हील लावून दुरुस्ती फक्त फ्लायव्हीलमध्ये करायची. मग प्रेशर प्लेट बसवून दुरुस्ती फक्त तिच्यात. असं केलं की पुढे क्लच बदलताना क्रँकला हात लावावा लागत नाही. सगळं एकत्र चढवून एकाच जागी भोक पाडलं तर प्रेशर प्लेट बदलली की बॅलन्स गेलाच.

प्रत्येक टप्प्याला पंचने खूण करा: फ्लायव्हीलची क्रँकवर, प्रेशर प्लेटची फ्लायव्हीलवर. रंगाची खूण पेट्रोलने धुतली जाते.

पुढच्या पुलीत रबराची रिंग असेल तर तिचं मुख्य काम क्रँकची पीळ घेणारी थरथर शोषणं हे आहे. रबर फुगलेलं असेल किंवा बाहेरची कडी सरकलेली असेल तर ती बॅलन्स करत बसू नका, नवी घ्या.

‘बॉबवेट’ काय असतात? मला लागतील का?

पद्मिनीसारख्या सरळ चार सिलिंडरच्या क्रँकला लागत नाहीत. त्याची रचना सममित असल्याने तो नुसताच फिरवता येतो. सरळ सहाचंही तेच. व्ही-८ चा चार दिशांना पिना असलेला क्रँक मात्र नुसता फिरवला तर यंत्र भलतंच दाखवेल. त्याच्या प्रत्येक पिनवर पिस्टन-रॉडच्या वजनाइतकं खोटं वजन बांधावं लागतं: फिरणारं वजन पूर्ण, वर-खाली जाणारं साधारण निम्मं, आणि चार-दोन ग्रॅम तेलाचे. तीन सिलिंडरच्या क्रँकला काय लावायचं ते त्या इंजिनाच्या रचनेप्रमाणे ठरतं, अंदाजाने काही बांधू नका.

काही इंजिनांत थोडं असंतुलन मुद्दाम फ्लायव्हील आणि पुढच्या डॅम्परमध्ये (वर सांगितलेल्या रबराच्या रिंगेच्या भागात) ठेवलेलं असतं. फोर्डच्या ३०२ घनइंची व्ही-८ मध्ये ते आधी २८ औंस-इंच होतं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ५० झालं. एकाचा फ्लायव्हील दुसऱ्याला बोल्टने बसतो, पण इंजिन भयंकर हलतं.

बुलेटचं इंजिन बॅलन्स करता येतं का?

एक सिलिंडरचं इंजिन पूर्ण बॅलन्स होऊच शकत नाही. काउंटरवेटने पिस्टनचा वर-खाली धक्का जेवढा मारावा तेवढा तो आडवा होऊन परत येतो. म्हणून वर-खाली जाणाऱ्या वजनाचा काही हिस्साच काउंटरवेटने झेलतात, बहुधा ५० ते ७० टक्क्यांदरम्यान. कारखान्याने हा हिस्सा ती चेसिस बघून ठरवलेला असतो. उगाच बदलला तर कंप हँडलवरून पायाकडे किंवा उलट जातो, कमी होतोच असं नाही.

नवा पिस्टन २० ग्रॅम जड आला म्हणून घाबरू नका. वर-खाली जाणारं वजन ५०० ग्रॅम आणि हिस्सा ६० टक्के असेल, तर ५२० ला तो ५७.७ टक्के होतो. बसणाऱ्याला कळणार नाही. जुन्या, कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटमध्ये (बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी) खरा कंप येतो तो क्रँक वाकडा बांधल्याने. दोन फ्लायव्हील क्रँकपिनवर जोडल्यावर दोन्ही शाफ्ट एका रेषेत आले पाहिजेत. सेंटरमध्ये धरून डायल लावा आणि तांब्याच्या हातोडीने ठोकत काटा ०.०५ मिमीच्या आत आणा, जमल्यास ०.०२. यामाहा आरएक्स १०० चा दाबून बसवलेला क्रँकही याच पद्धतीने सरळ करतात. मेटिऑर ३५० पासूनच्या रॉयल एनफिल्डच्या नव्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट असतो. तो खोलला तर खुणा जुळवूनच बसवा, एक दात चुकला तर तोच शाफ्ट कंप वाढवतो.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हे लागतं का?

१५०० आरपीएमच्या एक सिलिंडर इंजिनाला वेगळं बॅलन्सिंग क्वचितच लागतं. ते उड्या मारत असेल तर आधी पायाचे बोल्ट, काँक्रीटमधली भेग आणि फ्लायव्हीलची चावी (शाफ्टच्या खाचेत बसून त्याला घट्ट धरणारी पट्टी) बघा. चावी ढिली असेल तर फ्लायव्हील डुलतं.

मशीन शॉपला काय काय द्यायचं आणि काय मागायचं?

क्रँक, फ्लायव्हील आणि त्याचे बोल्ट, डॉवेल, प्रेशर प्लेट, पुढची पुली आणि तिची चावी, पिस्टन, पिना, सर्क्लिप, एक रिंग सेट, रॉड बोल्टसकट, बिग एंडचे शेल. चावी विसरू नका. तिच्याशिवाय पुली तोलली तर खाचेएवढा फरक राहतो.

परत घेताना कागद मागा: प्रत्येक पिस्टनचं वजन, प्रत्येक रॉडची दोन्ही टोकं, क्रँकचा सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा दोन्ही टोकांना. ज्याने खरोखर मोजलं आहे त्याच्याकडे हे आकडे वहीत असतातच. मग भोकं पाडल्यानंतरचे कण तेलाच्या वाटांतून ब्रश घालून, हवा मारून काढा, प्लग नवे लावा, आणि मगच शेलला तेल लावून क्रँक ब्लॉकमध्ये ठेवा.